गोळ्यांची बेगमी

जून २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी आफ्रिकेत एचआयव्हीची औषधं पाठवण्याविरुद्ध एक युक्तिवाद केला. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ लोकांना घड्याळ ठाऊक नाही, त्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढंच कळतं. मग ठरल्या वेळी गोळ्या घेणार कशा? त्यांच्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण हा विचार काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा, त्याचीच मराठी आवृत्ती कानावर येईल. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही हो. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद. यांना कितीही द्या, पालथ्या घड्यावर पाणी.’

हर्णे किंवा साखरीनाट्याच्या बंदरावरचा म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पंचांगातली तिथी ऐकून भरती-ओहोटीची वेळ तोंडी सांगतो. त्याच्या हातात घड्याळ नसलं म्हणून त्याला वेळ कळत नाही असं म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. आणि गोळी रोज जेवणानंतर घ्यायची असेल तर जेवण चुकवणारी माणसं आपल्याकडे तरी फारशी नाहीत.

थट्टा बाजूला ठेवू. २००६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक आढावा छापून आला. उत्तर अमेरिकेतले आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले गोळ्या नियमित घेण्यासंबंधीचे अभ्यास त्यात एकत्र करून तपासले होते. गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघालं आणि आफ्रिकेत ७७ टक्के. ज्यांना औषध मिळवण्यासाठी घरची बकरी विकावी लागते ते गोळी वाया घालवत नाहीत, यात खरं तर नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तरीही एवढी साधी गोष्ट आकड्यांनी सिद्ध होईपर्यंत पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत माणसं मेली.

गरीब मुलखात चांगलं वैद्यक चालत नाही, असं म्हणायला कोकण ही सगळ्यात चुकीची जागा आहे. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले तेव्हा लाल विंचू चावलेला माणूस म्हणजे घामाने डबडबलेला, हातपाय गार पडलेला, फुप्फुसात पाणी भरून गुदमरणारा रोगी. गंभीर दंशाच्या दहा रुग्णांतले चार दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी द्यायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यापर्यंत उतरलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथे ना अतिदक्षता विभाग होता, ना तज्ज्ञांचा ताफा. अडचण एकच होती: भातखाचरात किंवा गवताच्या भाऱ्यात विंचू चावला की माणूस आधी मांत्रिकाकडे जायचा, गोळीपर्यंत पोहोचायला उशीर व्हायचा. औषध हाताशी होतं, पण ते माणसाच्या हाती वेळेत पडत नव्हतं. एचआयव्हीच्या उपचारांची आजची अवस्था मला नेमकी तशीच दिसते.

औषध स्वस्त झालं कसं, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ती गोष्ट आपल्या किनाऱ्यापासून लांबची नाही. २००० च्या सुमारास तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हे जमलं ते १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यामुळे. औषध बनवण्याच्या पद्धतीला तो संरक्षण देत होता, खुद्द औषधाला नाही. २००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे औषधालाही पेटंट द्यावं लागलं, तरी कलम ३(ड) घालून संसदेने एक दार अर्धं उघडं ठेवलं: जुन्याच औषधाला किरकोळ वेष चढवून नवं पेटंट मागता येत नाही. २०२३ साली एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या ‘ग्लोबल फंड’ या आंतरराष्ट्रीय निधीने टीएलडी या एकाच गोळीतल्या तिहेरी उपचाराची किंमत वर्षाला ४५ डॉलरच्या खाली आणली. म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये. दिवसाला दहा-अकरा रुपये. (सिप्लाचा एक कारखाना रायगडात पाताळगंगेला आहे, दुसरे गोव्यात. जगाला स्वस्त औषधं पुरवणाऱ्या उद्योगाच्या रसायनांचा वास आमच्या खाड्यांना येतो, हा निराळ्या लेखाचा विषय.)

तेव्हा ‘परवडत नाही’ हे कारण गेलं. ‘जमत नाही’ हेही गेलं. १ डिसेंबर २००३ ला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ अखेर तीस लाख लोकांना उपचार देण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. मुदत संपली तेव्हा आकडा तेरा लाखांवर होता आणि शहाण्यांनी योजना फसल्याचं सांगून टाकलं. तीस लाखांचा टप्पा २००७ मध्ये गाठला गेला. २०२४ च्या अखेरीस जगातल्या ३ कोटी १६ लाख लोकांना उपचार मिळत होते. माझ्या मते तो फसलेला आकडा जाहीर करणं हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. दहा लाखांचं ‘वास्तववादी’ उद्दिष्ट ठेवलं असतं तर ते वेळेत पुरं झालं असतं, सत्कार झाले असते, आणि मलावी-युगांडातल्या दवाखान्यांत अजून रांगा असत्या.

भारताने १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली, आठ सरकारी रुग्णालयांतून. महाराष्ट्रासाठी मुंबईचं जे. जे. देवगड-वेंगुर्ल्याच्या माणसाने चार-पाचशे किलोमीटर जाऊन महिन्याच्या गोळ्या आणायच्या, तेही त्याच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी दोनशेच्या खाली उतरल्यावर. म्हणजे आधी मरणाच्या उंबऱ्यावर या, मग औषध देतो. ती अट टप्प्याटप्प्याने सैल होत एप्रिल २०१७ मध्ये गेली. आता निदान झालं की उपचार. देशात सुमारे पंचवीस लाख एचआयव्हीबाधित आहेत, त्यांतले सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात. सतरा लाखांहून अधिक लोक देशभर फुकट उपचार घेतात. या आकड्यांबद्दल सरकारला मोकळ्या मनाने शाबासकी द्यायला माझी हरकत नाही. उरलेल्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे. त्यांतल्या काहींची तपासणीच झालेली नाही, काहींची झाली पण ते उपचार केंद्रात आले नाहीत. तिसऱ्या गटातले आले, काही महिने गोळ्या घेतल्या आणि दिसेनासे झाले. या तिसऱ्या गटाचा माग काढला तर कोकणात तो ठरावीक ठिकाणीच जाऊन पोहोचतो.

आधी एक जुना वाद मिटवू. ‘उपचारांवर पैसा घालण्यापेक्षा प्रतिबंधावर घाला, गरीब देशाला दोन्ही झेपणार नाही,’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. २०११ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. जोडप्यातला एक बाधित, दुसरा नाही, अशी सतराशेहून अधिक जोडपी त्यात होती. चाचणीच्या केंद्रांत पुणे आणि चेन्नईही होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यावर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. औषध नियमित चालू असेल आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नसेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं. तेव्हा उपचार हाच प्रतिबंध. दोघांच्या खर्चाची वेगवेगळी खाती मांडणं म्हणजे हिशेबातली लबाडी.

कोकणात तर हे कळायला चाचणीची गरज पडू नये. नव्वदच्या दशकात मुंबईच्या गिरणीतून, हॉटेलातून, गोदीतून सुकलेला चाकरमानी गावी परत यायचा. घरचे ‘टीबी झाली’ म्हणायचे आणि बऱ्याचदा ते खोटंही नसायचं. देवाला गाऱ्हाणं घालून व्हायचं, बाहेरची बाधा उतरवून व्हायची. वर्ष-दोन वर्षांत तो जायचा. मग त्याची बायको सुकायला लागायची, जिने गावाची वेस गणपती-शिमग्याला नवऱ्याला आणायला स्टँडपर्यंत जाण्यापलीकडे ओलांडलेली नसायची. त्या बाईला कंडोमबद्दल व्याख्यान देऊन काय साधलं असतं? नवऱ्याला मुंबईत वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर दोघंही आज नातवंडं खेळवत असती.

आता त्या ठरावीक ठिकाणांकडे येतो. जगभरात उपचारविस्ताराचं जे सूत्र ठरलं आहे ते असं: मोठ्या रुग्णालयातून औषध खाली आणा, तालुक्याला, मग गावाला, डॉक्टर नसेल तर नर्स देईल, नर्स नसेल तर शिकवून तयार केलेला गावचा माणूस देईल. हे सूत्र चुकीचं मुळीच नाही. मलावीने डॉक्टरांची वाट न पाहता नर्स आणि आरोग्य सहायकांच्या भरवशावर देशभर उपचार नेले. युगांडातल्या जिंजा इथे शिकवलेले कार्यकर्ते मोटरसायकलवरून घरोघरी गोळ्या पोहोचवत, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या रुग्णांची प्रकृती दवाखान्यात येणाऱ्यांइतकीच चांगली दिसली. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ पासून सहा-सहा रुग्णांचे गट बनवले गेले. पाळीपाळीने एकाने जायचं आणि सहा जणांच्या गोळ्या आणायच्या. गाडीभाडं वाचतं, रोजगार बुडत नाही, एकमेकांवर लक्षही राहतं.

यातलं काय कोकणात चालेल? घरी मोटरसायकल आली तर वाडीला पाच मिनिटांत खबर लागेल. सहा जणांचा गट करायला आधी सहा जणांनी एकमेकांना आपलं दुखणं सांगावं लागेल, आणि त्यातला एक तरी दुसऱ्याच्या भावकीतला निघणार. आमचं गाव लहान, पण ओळखी मुंबईपर्यंत पसरलेल्या. कणकवलीच्या स्टँडवर उतरा, कुणीतरी ‘खंय चललंस?’ विचारणारच आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढणारी मुलगी मावसबहिणीची जाऊ निघते. आशाताई तर समोरच्याच घरातली. एका समुपदेशकाने मला सांगितलं की त्याच्या तालुक्यातले काही रुग्ण जवळचं केंद्र सोडून कोल्हापूरला जातात, काही अजून मुंबईलाच. मुंबईला जाण्याला कोकणात कारण द्यावं लागत नाही. दिवसभराचा घाट, रजा, हजारभर रुपये, हे सगळं ते ओळखीच्या नजरेपेक्षा स्वस्त समजतात. बाहेरून पाहणारा म्हणेल, किती अडाणी. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. त्यांनी हिशेब केलेला आहे आणि तो त्यांच्या परिस्थितीत बरोबर आहे.

ही भीती हवेतून आलेली नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये, आपल्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी नेलं. तो नियमित रक्तदान करायचा, त्यातून त्याला लागण झाल्याचं प्रशासनाला कळलं होतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधितांना वेगळं ठेवण्याची तरतूद होती, तिच्या आधारे त्याला म्हापशात एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस कोंडून ठेवलं. उच्च न्यायालयाने पुढे ती तरतूद वैधही ठरवली. डॉमिनिकने सुटल्यावर बाधितांसाठी संस्था उभी करायला घेतली आणि १९९२ मध्ये तो गेला. सरकारने या रोगाकडे पाहून पहिली गोष्ट केली ती कुलूप घालण्याची, हे ज्या पिढीने पाहिलं ती अजून आपल्यात आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला; संमतीशिवाय माहिती उघड करायला, नोकरीत किंवा उपचारांत भेदभाव करायला त्याने मनाई केली. कायदा चांगला आहे. पण समोरच्या घरातल्या आशाताईला तो थांबवेल असं कुणाला वाटतं?

एवढंच कशाला, गोळ्यांची बाटली पाहा. पांढरी, प्लास्टिकची, तीस गोळ्यांची. केंद्रातून निघून एसटीत बसलं, पिशवी मांडीवर घेतली की महामार्गाच्या प्रत्येक खड्ड्याला ती खुळखुळते, आणि मुंबई-गोवा महामार्गावर खड्ड्यांची वानवा कधी नव्हतीच. म्हणून जाणती माणसं येताना घरून कापूस आणतात. बाटली उघडून वर बोळा कोंबायचा, नखाने लेबल सोलायचं, सोललेलं लेबल चुरगळून स्टँडवरच्या कचऱ्यात टाकायचं. घरी गेल्यावर गोळ्या कॅल्शियमच्या किंवा ‘ताकदीच्या’ गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. औषध देणारा बजावून सांगतो की मूळ बाटलीतच ठेवा, ओल लागू देऊ नका. जुलैत ज्या घरात पापडाला बुरशी येते तिथे हा सल्ला सोन्यासारखा आहे. पण मूळ बाटलीवर नाव छापलेलं आहे. साधं, कोरं लेबल आणि न वाजणारं पॅकिंग, एवढी मागणी कुठल्या अहवालात येत नाही, कारण अहवाल लिहिणाऱ्याला बाटली घेऊन एसटीतून जावं लागत नाही.

आणि बंदरावरचे लोक. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला १ ऑगस्टनंतर बोटी सुटतात त्या मासळीमागे दिवसचे दिवस बाहेर असतात. कार्डावरची तारीख मंगळवारची, बोट सोमवारी रात्री सुटली. खलाशी खाडा करू शकत नाही. तांडेल दुसरा माणूस चढवतो आणि पुढच्या फेरीलाही तोच राहतो. या खलाशांत नेपाळी मुलं पुष्कळ, तशीच आंब्याच्या बागा राखणारीही नेपाळीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ती गावी जातात. दोन महिने. त्यांच्याकडे गोळ्या किती दिवसांच्या असतात? महिन्याच्या हिशेबाने दिल्या असतील तर जुलैभर खंड. प्रवासातल्या रुग्णाला दुसऱ्या केंद्रातून औषध देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती वापरायला कागद लागतो, कागद मागायला भाषा आणि धीर. शिस्त नाही म्हणून ज्यांच्या नावापुढे शेरा मारला जातो त्यांच्यात असे किती असतील?

कोकणातलं प्रत्येक घर मे संपता संपता आगोटीची तयारी करतं. तांदूळ, कुळीथ, मीठ-मिरची, सुके बोंबील, सुकट, सरपण. पुढे घाट बंद पडतील, पऱ्याला पाणी येईल, साकव वाहून जाईल, हे धरूनच चालायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हा घरातल्या गोळ्याही वाहून गेल्या आणि रस्तेही. इतक्या पिढ्या पावसाळ्याचं शहाणपण बाळगणाऱ्या मुलखाला औषध मात्र महिन्या-महिन्याने घ्यायला का लावायचं? जागतिक आरोग्य संघटना प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या म्हणते. आपल्याकडेही तीन महिन्यांच्या देण्याची मुभा आहे, करोनाच्या टाळेबंदीत ती वापरली गेली. कोकणात ती मुभा न राहता रिवाज व्हायला हवी: मेच्या अखेरीस चार महिन्यांची बेगमी, सप्टेंबरअखेर पुन्हा. खलाशी आणि बागांच्या राखणदारांना तर गावी निघण्याआधी, न मागता.

यावर दोन आक्षेप येतात. एवढ्या गोळ्या दिल्या तर वाया घालवतील, आणि रुग्ण नजरेआड जाईल. पहिला आक्षेप हा नॅट्सिओस यांचाच, नवा सदरा घालून आलेला. दुसरा खरा आहे, पण नजरेत ठेवायचं काय? दर महिन्याला रुग्णाचं तोंड दिसणं ही देखरेख नव्हे. वर्षातून विषाणूचं मोजमाप झालं, त्याचा निकाल वेळेत आला आणि तो पाहून कुणी फोन केला, तर ती देखरेख. विषाणू मोजण्याची सोय देशभर २०१८ पासून पसरली आहे. रांगा कमी झाल्या तर समुपदेशकाला तो फोन करायला सवड मिळेल.

जागेचं म्हणाल तर माझं म्हणणं असं की जवळचं केंद्र कोणतं हे नकाशावरून ठरवू नये, रुग्णाला ठरवू द्यावं. एकाच कार्डावर ओरोस, कोल्हापूर, परळ, कुठेही गोळ्या मिळाव्यात. ज्याला जवळ हवं त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तिथे वेगळी पाटी, वेगळी खोली, वेगळा वार नको. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ज्या खिडकीवर मिळतात त्याच खिडकीवर. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेल्या गोळ्या, ठरलेलं वेळापत्रक, गावाजवळ औषध, हे काम इथल्या नर्सना नवीन नाही. एचआयव्ही आता तसाच जन्मभराच्या गोळ्यांचा आजार झाला आहे. मात्र सगळं एकात मिसळण्याच्या उत्साहात समुपदेशकाची जागा कापू नये. तो कंत्राटी आहे, त्याचं मानधन तुटपुंजं आहे आणि काटछाट करायची म्हटली की पहिली नजर त्याच्यावर जाते. नवऱ्याला सांगू की नको, मुलाला तपासू की नको, लग्न ठरतंय तर काय करू, या प्रश्नांना खिडकीवरची गोळी उत्तर देत नाही.

बेगमी द्यायची तर भांडारात माल हवा. २०२२ च्या पावसाळ्यात दिल्लीत ‘नाको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयासमोर रुग्णांनी महिन्याहून अधिक काळ धरणं धरलं, कारण केंद्रांवर औषधांचा तुटवडा होता आणि लोकांना थोड्या-थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवलं जात होतं. निविदा रेंगाळली की पुढे काय होतं ते तेव्हा दिसलं. पैशाची अडचण आहे असं मानायला मी तयार नाही. राष्ट्रीय एड्स कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या टप्प्यासाठी केंद्र सरकारने १५,४७१ कोटी रुपये ठेवले, आणि ते आपल्या तिजोरीतले. याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये कळली. अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात रोखली आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत दवाखान्यांना टाळी लागली, कार्यकर्ते घरी बसले. २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी सुरू केलेल्या त्या मदत कार्यक्रमाने लाखो जीव वाचवले, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान त्याच्या हातात नसते. दक्षिण आफ्रिका आपल्या कार्यक्रमाचा बराचसा खर्च स्वतः उचलते म्हणून तिथे धक्का बसला तरी औषधं आटली नाहीत. तोच देश २००० नंतरची काही वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या हट्टापायी औषधं नाकारत होता, आरोग्यमंत्री लसूण आणि बीट खा म्हणत होत्या. त्यापायी तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं गेली असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी मांडला. पैसा आपला असला म्हणजे शहाणपणही आपोआप येतं असं नाही. पण पैसा परक्याचा असला तर आपल्या शहाणपणाला विचारतो कोण?

लवकरच हाच वाद नव्या औषधावरून होणार आहे. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन वर्षातून दोनदा घेतलं तर लागण जवळजवळ पूर्ण टळते असं २०२४ च्या चाचण्यांत दिसलं. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर आहे. भारतीय कंपन्या २०२७ पासून ते गरीब देशांना चाळीस डॉलरमध्ये देणार असं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. नवऱ्याच्या येण्याजाण्यावर जिचा ताबा नाही अशा बाईला सहा महिन्यांतून एकदा, कुणाला न सांगता घेता येणारं इंजेक्शन म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. ते जिल्हा रुग्णालयातच मिळणार, सोमवारी आणि गुरुवारीच मिळणार, असं ठरलं की समजावं, पुन्हा तेच.

मी वर मागितलेल्या गोष्टींना नवी इमारत लागत नाही, नवं औषध लागत नाही. मेअखेर चार महिन्यांच्या गोळ्या रुग्णांच्या हाती पडायच्या तर माल एप्रिलमध्ये जिल्ह्यात यायला हवा. त्यासाठी मागणीपत्र जानेवारी-फेब्रुवारीत निघायला हवं, त्यात खलाशी आणि बागेतल्या राखणदारांची संख्या वेगळी धरलेली हवी, आणि ते पत्र काढणारा औषधनिर्माण अधिकारी ३१ मार्चला कंत्राट संपलं म्हणून नव्या आदेशाची वाट पाहत घरी बसलेला नसावा.